गोधडीचा वर्ग आणि माळ्यावरची ट्रंक

घराला रंग काढायचा ठरला की पहिला प्रश्न माळ्याचा निघतो. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो यंदाच्या मे महिन्यात निघाला आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्यातून, जुन्या मिक्सरच्या खोक्यामागून, आईची पत्र्याची ट्रंक खाली आली. आई जाऊन सहा वर्षे झाली. तेवढ्या काळात ती ट्रंक कोणी उघडली नव्हती. आत डांबरगोळ्यांचा विरत आलेला वास होता, आजीची ३ नऊवारी लुगडी होती आणि आईच्या ३१ साड्या होत्या. नोकरीची सगळी वर्षे हिशेबतपासणीत गेल्यामुळे मी प्रथम यादी केली: एकूण नग ३४, त्यांपैकी सुती १९, बाकीचे नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर आणि २ जरीचे. यादी झाली, पण ट्रंक रिकामी झाली नाही, कारण साड्या देऊन टाकायला हात धजत नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती. त्याच आठवड्यात सौ.ने फोनवर आलेली एक जाहिरात माझ्यापुढे धरली. ‘चार शनिवारांत आपल्या हाताने गोधडी, जुन्या साड्यांना नवे आयुष्य, कपाटाला मोकळा श्वास’ असा तिचा मजकूर होता.

या वर्गाचा अनुभव सविस्तर लिहावा असे वाटले, कारण तेथे जे शिकायला मिळाले ते उत्तम होते आणि जे विकले गेले ते तसे नव्हते. वर्गाचे नाव लिहीत नाही. असे वर्ग पुण्यात आता जागोजागी निघाले आहेत, आणि पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकाच ठिकाणच्या असतील असे मला वाटत नाही. वर्ग नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर भरतो. दर शनिवारी दुपारी तीन तास, असे चार शनिवार. शुल्क २,४०० रुपये, साहित्याच्या पेटीसह. वाहन लावायला जागा नाही, त्यामुळे डेक्कनला उतरून चालत जावे हे बरे. खोली मोठी, उजेड भरपूर, खाली शहाबादी फरशी, बसायला सतरंज्या. खुर्ची मागितल्यास मिळते, परंतु गोधडी खुर्चीत बसून घालता येत नाही, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळते. आम्ही अकराजण होतो आणि त्यांत पुरुष मी एकटाच.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या घरातल्या आणि मूळच्या सातारकडच्या. त्यांना सगळे मावशी म्हणतात. पहिल्या शनिवारी प्रत्येकाने घरून चार-पाच जुनी कापडे आणायची होती. मी यादीतल्या ‘सुती’ सदरातील पाच साड्या नीट घड्या घालून नेल्या होत्या. मावशींनी त्यांतील एक निळी, बारीक ठिपक्यांची साडी बोटांत चोळून पाहिली, काठाजवळचा एक धागा उसवून काढला आणि मला विचारले, “काका, ही सुती आहे म्हणता?” मी होय म्हणालो. त्यांनी काडी ओढून धाग्याचे टोक ज्योतीवर धरले. धागा जळण्याऐवजी मागे सरकत आक्रसला, टोकाशी काळी गुठळी झाली आणि गार झाल्यावर ती नखाने दाबली तरी फुटेना. मग त्यांनी आजीच्या लुगड्याचा धागा घेतला. तो कागदासारखा जळत गेला, जळलेल्या कागदाचाच वास आला, आणि मागे राहिलेली करडी राख फुंकरीने उडून गेली. कृत्रिम धागा वितळतो आणि सुती धागा जळतो, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे. पण ते डोळ्यांसमोर घडले की विसरत नाही. घरी येऊन मी, खिडकी उघडी ठेवून आणि शेजारी पाण्याचे भांडे घेऊन, ज्या सुती म्हणून नोंदल्या होत्या त्या सर्व साड्यांची हीच परीक्षा घेतली. १९ पैकी १४ सुती निघाल्या. माझ्या यादीत पाच चुका होत्या, आणि तीस वर्षांच्या नोकरीत एवढे प्रमाण मी इतर कोणालाही माफ केले नसते.

सुती कापडाचाच आग्रह कशासाठी, हेही त्यांनी नीट समजावले. वर्षानुवर्षे धुतलेली साडी आटायची तेवढी आटलेली असते, तिचा सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो आणि खळीचा ताठरपणा कधीच निघून गेलेला असतो. कोरे कापड जुन्याच्या जोडीला घातले तर पहिल्या धुण्यात कोरे आटते, जुने आटत नाही आणि गोधडीला फुगे येतात. कृत्रिम कापड थरांमध्ये सरकत राहते, घाम शोषत नाही आणि सुईला अडते. जरीच्या साड्या तर त्यांनी हातातही घेतल्या नाहीत; जुने रेशीम घडीवर चिरते, असे त्या म्हणाल्या. साडी उजेडात धरून ती कोठे विरली आहे हे पाहायलाही त्यांनी शिकवले. काठ आणि पदर बहुधा शाबूत असतात, झीज होते ती बसण्याच्या जागी आणि गुडघ्यांजवळ. त्यांचा नियम सोपा होता: “फाटकं पोटात घाला, धड वर घ्या.” पोट म्हणजे मधले थर. विरलेला भाग फेकायचा नाही. त्यावर त्याच जातीच्या कापडाचा तुकडा ठेवून तो आत घालायचा.

दुसरा शनिवार गोधडीचे चार थर रचण्यात गेला आणि माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा दिवस होता. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच असतो, म्हणजे पाच फूट रुंदीच्या गोधडीसाठी प्रत्येक थराला जोड आलाच. हे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, एका थराचा डावीकडे तर पुढच्याचा उजवीकडे; नाहीतर त्या रेघेवर गोधडी जाड होते, सुई घुसत नाही आणि अंगावर घेतल्यावर ती रेघ टोचते. थर पसरले की तळहात मध्यापासून बाहेरच्या बाजूंना फिरवत सुरकुत्या काढायच्या, कडेने आणि मधून हातभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे बांधून घ्यायचे, आणि त्यानंतरच खऱ्या धावदोऱ्याला हात लावायचा. माझ्या शेजारच्या बाईंनी वेळ वाचवण्यासाठी टाचण्यांवर काम भागवले. तिसऱ्या शनिवारी त्यांचा खालचा थर चार बोटे सरकलेला निघाला आणि मावशींनी काही न बोलता त्यांच्यापुढे कात्री ठेवली. आमच्यात कोल्हापूरच्या एक बाई होत्या; त्या गोधडीला वाकळ म्हणत. त्यांचे कच्चे टाके पाहून मावशी स्वतःच थांबून पाहत राहिल्या.

धावदोऱ्याविषयी मात्र मावशी फार बोलल्या नाहीत आणि तेच बरे झाले. सुई आत, सुई बाहेर, एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरायचे आणि मग ओढायचे. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो आणि कापडातून पुन्हापुन्हा जाऊन झिजतो. खालचा हात गोधडीखाली ठेवून सुईचे टोक लागते की नाही हे बोटाने पाहायचे, म्हणजे चारही थर शिवले जात आहेत याची खात्री होते. माझी रेघ सरळ येत नव्हती म्हणून मी पट्टी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, ही पायाशी ओढायची वस्तू आहे, भिंतीवर लावायची नाही.” हे मान्य करायला मला दोन आठवडे लागले. अजूनही पूर्ण मान्य झालेले नाही.

आता साहित्याच्या पेटीविषयी. ही पेटी वर्ग चालवणारी संस्था देते, मावशींचा तिच्याशी संबंध नसावा, कारण त्यांनी ती एकदाही उघडली नाही. आत पुढील वस्तू होत्या: भरतकामाची प्लॅस्टिकची गोल चौकट, सुयांचे पाकीट, पॉलिएस्टर दोऱ्याची चार रिळे, धातूचे अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), कापडावर खुणा करायचे निळे पेन आणि एक रंगीत पुस्तिका. चौकट गोधडीला उपयोगाची नाही, कारण चार थर तिच्यात बसतच नाहीत. सुया बारीक आणि आखूड होत्या. हाताने शिवायच्या सुयांचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवख्याला ठाऊक नसते आणि पेटीत कोठे सांगितलेलेही नव्हते. चार थरांतून पाच टाके एकदम भरायला लांब आणि जरा जाड सुई लागते. अंगुस्तान माझ्या अंगठ्यालाही सैल होते. पॉलिएस्टरचा दोरा मावशींनी बाजूला ठेवायला सांगितला; मऊ झालेल्या कापडाला मऊच दोरा हवा, हे त्यांचे मत होते. अखेर मी रविवार पेठेतल्या शिवणसामानाच्या दुकानांत जाऊन सुती दोरा, लांब सुया आणि बोटाला बसेल असे अंगुस्तान आणले. तेथे दुकानदाराने आधी “कशासाठी हवंय?” असे विचारले आणि गोधडी म्हटल्यावर स्वतःच दोन प्रकारचे दोरे समोर ठेवले. सगळे मिळून १८० रुपये झाले.

निळ्या पेनाने तर नुकसानच केले. त्याच्या खुणा पाण्याने जातात, एवढे वेष्टनावर लिहिले होते. मी घरी वरच्या थरावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर सुबक रेघा आखल्या, थर नीट बसावेत म्हणून त्यावरून गरम इस्त्री फिरवली आणि मग शिवायला बसलो. पाण्याने जाणारी ही शाई उष्णतेने पक्की होते. धुतल्यावर निळा रंग गेला, पण त्याच्या जागी फिकट तपकिरी रेघा राहिल्या, आणि त्या आईच्या मोतिया रंगाच्या साडीवर आजही दिसतात. पुस्तिकेत इस्त्रीविषयी एक ओळ असती तर हे टळले असते. तिच्यात भरपूर छायाचित्रे आहेत आणि धावदोऱ्याच्या कामाला सरसकट ‘साशिको शैली’ म्हटले आहे. साशिको हे जपानी धावदोऱ्याचे काम सुंदर असते, त्याविषयी वाद नाही. परंतु बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानातली रल्ली, कर्नाटकातली कौदी आणि आपली गोधडी ही सगळी जुनी कापडे थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवण्याचीच कुळे आहेत. सातारच्या मावशी नारायण पेठेत बसून जे शिकवतात त्याला जपानी नाव कशाला हवे?

जाहिरातीत दोन आश्वासने होती आणि दोन्ही मी हिशेबात बसवून पाहिली. पहिले, चार शनिवारांत गोधडी. साडेसात फूट बाय पाच फूट, म्हणजे ९० बाय ६० इंच, ही एका माणसाची नेहमीची गोधडी धरू. अर्ध्या इंचावर रेघ घेतली तर ९० इंचांच्या १२० रेघा होतात, म्हणजे १०,८०० इंच, म्हणजे ३०० वार शिवण. मला एका रेघेला सरासरी वीस मिनिटे लागतात. १२० रेघांना ४० तास झाले. वर्गाचे एकूण तास १२, आणि त्यांतले पहिले ६ कापड निवडण्यात व थर रचण्यात जातात. म्हणून प्रत्यक्षात वर्गात करवून घेतात ते तान्ह्या बाळाचे ३६ इंची दुपटे. त्यालाही ७२ वार शिवण लागते आणि मी ते घरी रात्री बसून पुरे केले. दुपटे करवून घेणे शिकण्याच्या दृष्टीने अगदी योग्य आहे, कारण त्यात सर्व गोष्टी लहान प्रमाणात येतात. मग जाहिरातीत दुपटेच लिहावे.

दुसरे आश्वासन कपाट मोकळे होण्याचे. चार थरांच्या गोधडीला २१,६०० चौरस इंच कापड लागते. सहावारी साडी २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याची धरली तर ९,७२० चौरस इंच भरते. म्हणजे जोड आणि झीज धरून एका गोधडीत तीन साड्या जातात. माझ्याकडच्या १४ सुती नगांतून, त्यांतली ३ लुगडी मोठी असली तरी, विरलेला भाग वजा जाता फार तर पाच गोधड्या होतील. पाच गोधड्यांना २०० तास. रोज एक तास बसलो तर साडेसहा महिने, आणि तेवढे दिवस ट्रंकेच्या जोडीला दोऱ्यांचा डबा, अर्धवट गोधडीचा गठ्ठा आणि ‘पुढे उपयोगी पडतील’ अशा चिंध्यांची एक पिशवी घरात वाढलेली असणार. उरलेले २० नग गोधडीत जातच नाहीत, त्यामुळे ट्रंकेचा निम्म्याहून अधिक भाग या कलेच्या कक्षेबाहेर राहतो. पसारा आवरण्यासाठी हस्तकला सुरू करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. मी वर्गाचे पैसे भरल्यावर केला.

तरीही घर आवरले गेले, परंतु कपाटाच्या बाजूने नाही, जमिनीच्या बाजूने. साडेसात बाय पाच फुटांचे चार थर पसरायला तेवढी मोकळी जमीन लागते आणि आमच्या दिवाणखान्यात ती नव्हती. टीपॉय हलवला, त्याखालचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे रद्दीत गेले, कोपऱ्यातली व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेलच वाळत असत, ती पुतण्याने नेली. थर रचायच्या आदल्या रात्री सौ.ने फरशी दोनदा पुसून घेतली, कारण सुती कापड जमिनीवरचा प्रत्येक कण उचलते. गोधडी पुरी होईपर्यंत दर संध्याकाळी ती जागा मोकळी ठेवावी लागली आणि पाच-सहा आठवडे मोकळी राहिलेली जागा पुन्हा भरायचे कोणाला सुचले नाही. याचे श्रेय जाहिरातीला देता येत नाही, पण वर्गाला द्यावेच लागेल.

गोधडीत न जाणाऱ्या साड्यांसाठी मावशींनी दिलेला सल्ला सरळ होता: ज्या नेसण्याजोग्या आहेत त्या नेसणाऱ्यांना द्या, बाकीच्यांचा मोह धरू नका. पूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका दारावर येत आणि आई एका पातेल्यासाठी त्यांच्याशी पाऊण तास घासाघीस करी. आता आमच्या सोसायटीत त्या क्वचित दिसतात. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची माणसे रोजचा कचरा न्यायला येतात आणि जुने कपडे वेगळे स्वीकारण्याची सोयही ही संस्था करते. त्या वाटेने ११ साड्या गेल्या. ४ सौ.च्या बहिणीने नेल्या. २ जरीच्या मुलीसाठी ठेवल्या. काडीच्या परीक्षेत सुती न निघालेल्या पाचांपैकी तीन उरल्या; त्यांतली निळी ठिपक्यांची मी ठेवून घेतली. आई ती बँकेत जाताना नेसत असे. बाकीच्या दोघींचे काय करायचे ते ठरलेले नाही.

दुपट्यानंतर घरी घातलेली मोठी गोधडी जुलैअखेर पुरी झाली. पुण्यात त्या दिवसांत काही धुवायला घेणे शहाणपणाचे नाही, हे ठाऊक असूनही मी ती टबात भिजवली. कोरडी असताना सव्वा किलो भरलेली गोधडी भिजल्यावर एकट्याने उचलवेना. दोघांनी मिळून ती गॅलरीतल्या दोरीवर टाकली आणि तिसऱ्या दिवशी ती वाळली. वाळल्यावर धावदोऱ्याच्या रेघांमधले कापड किंचित फुगून उठले आणि ज्या रेघा मला वाकड्या म्हणून खटकत होत्या त्या त्या उठावात मिसळून गेल्या. तपकिरी खुणा तेवढ्या राहिल्या.

ज्यांना गोधडी शिकायची आहे त्यांनी अशा वर्गाला अवश्य जावे, विशेषतः घरात शिकवणारे वडीलधारे कोणी उरले नसेल तर. नाव नोंदवण्यापूर्वी पेटी न घेता शुल्क कमी होते का हे विचारावे; मी विचारले नाही, पुढच्या तुकडीतल्या एका गृहस्थांनी विचारले आणि त्यांचे शुल्क ६०० रुपयांनी कमी झाले. सुया, दोरा आणि अंगुस्तान पेठेतून आणावे, खुणा खडूने कराव्यात. घरून कापड नेताना एखादे तरी असे न्यावे की जे कापताना वाईट वाटणार नाही. २,४०० रुपयांपैकी १,८०० रुपये मावशींच्या शिकवण्याचे म्हणून मी पुन्हा आनंदाने देईन. दुसऱ्या गोधडीसाठी आजीचे हिरवे लुगडे भिजत घातले आहे, आणि ट्रंक सध्या दिवाणखान्यातच आहे, कारण माळ्याला रंग देऊन झाल्यावर ती पुन्हा वर चढवायला सौ.ने नकार दिला आहे.